गिटारीवरचा राग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाची आखणी करण्यासाठी कार्यकारिणीची बैठक भरली होती. कोणाचे नाटक, कोणाचे भजन, मुलांच्या स्पर्धा, महाप्रसादाचा आचारी अशी नेहमीची यादी चालू असता मध्येच एक अर्ज वाचण्यात आला. बदलीवर दिल्लीस आलेल्या एका मराठी कुटुंबातील अकरावीच्या मुलाला श्रींपुढे पंधरा मिनिटे राग देस वाजवावयाचा होता, आणि तो वाजवावयाचा होता गिटारीवर. बैठकीत क्षणभर कोणी बोलेना. मग एका ज्येष्ठ सभासदांनी चष्मा काढून विचारले, "गणपतीपुढे गिटार?" त्या प्रश्नाला उत्तर असे कोणी दिलेच नाही. आमचेही मत त्या वेळी नकाराकडेच झुकलेले होते, हे येथे मोकळेपणाने सांगितलेले बरे. अर्ज बाजूस सारण्यात आला. त्यानंतर लगेच विषय निघाला तो नाट्यगीतांच्या कार्यक्रमास चांगली पेटी कोणाकडून मिळवावी हा, आणि त्यावर चार जणांनी चार घरांची नावे उत्साहाने सुचविली.

घरी परतताना ही विसंगती आमच्या मनात टोचू लागली. गिटार परकी म्हणून नको, आणि पेटी मात्र हवी. पेटी तरी कोठे आपली? तिचा जन्म युरोपातला. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायांनी भाता मारावयाचे ते वाद्य कलकत्त्याच्या कारागिरांनी हाताच्या भात्याचे केले, आपल्या संगीत नाटक मंडळ्यांनी ते उचलले, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने त्यातून भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याची साथ अशी काही केली की पेटी परकी आहे ही गोष्टच महाराष्ट्र विसरून गेला. हा विसर पडावयास किती काळ लागतो आणि तो कशामुळे पडतो, हे शोधावे असे त्या रात्री आमच्या मनाने घेतले. पुढील चार ओळी त्या शोधाच्या आहेत. आम्ही संगीतज्ञ नव्हे. सरकारी फायली वाचण्याची सवय असलेला एक कला शाखेचा पदवीधर, एवढाच आमचा अधिकार.

मात्र एका बाबतीत आमचे भाग्य थोर. आमचे बालपण मिरजेस गेले. जेथे घराच्या ओसरीवर भोपळे वाळत घातलेले असत आणि शाळेत जाता-येता तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर दिसे, त्या गावात वाद्य ही वस्तू देव्हाऱ्यातली वाटत नाही. ती सुताराच्या, रंगाऱ्याच्या हातची वाटते. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी मिरजेस तंतुवाद्ये घडविण्याचा हा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या वंशातील मंडळी 'सतारमेकर' याच आडनावाने ओळखली जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा दिल्लीच्या थंड कचेरीत बसून ती बातमी वाचताना आम्हांस त्या ओल्या लाखेचा वास आला.

याच मिरज-सांगली परिसरात पेटीविरुद्धचा पहिला मोठा शास्त्रीय खटला उभा राहिला, आणि गंमत अशी की तो उभा करणारे गृहस्थ आमच्यासारखेच सरकारी नोकर होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. गायकाच्या गळ्यातले स्वर नेमके किती कंपनांचे असतात हे मोजून पाहण्याचा त्यांनी ध्यास घेतला, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा गळा त्यांना प्रयोगासाठी लाभला, आणि १९१० साली बावीस श्रुतींवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांना साथ मिळाली ती ई. क्लेमंट्स या आय. सी. एस. न्यायाधीशाची. साहेब आणि डेप्युटी कलेक्टर या दोघांनी मिळून बावीस श्रुतींची पेटी विलायतेतून करवून घेतली! १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिचा विषय निघाला. परंतु ती काही रुजली नाही. बारा पट्ट्यांत मावत नाही म्हणून बावीस पट्ट्या केल्या, तरी एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाताना मधली जी वाट असते, ज्या वाटेवर आपला राग खरोखर राहतो, ती पट्ट्यांत कशी सापडावी? देवलांचे दुखणे खरे होते, औषध तेवढे चुकले.

त्या दुखण्याची दुसरी फेरी दिल्लीत झाली. १ जानेवारी १९३६ रोजी अलीपूर रोडवरील एका बंगल्यातून दिल्ली केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. नभोवाणीचे पहिले प्रमुख लायोनेल फील्डन यांना पेटी मुळीच मानवत नसे. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग पाहणारे जॉन फोल्ड्झ या इंग्रज संगीतकाराने तर हार्मोनियमविरुद्ध लेखणीच उपसली. रवींद्रनाथांचेही मत तेच. अखेर १ मार्च १९४० पासून नभोवाणीवरून हार्मोनियम हद्दपार झाली. स्वातंत्र्य आले, साहेब गेले, बंदी मात्र राहिली. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत माहिती व नभोवाणी खाते सांभाळले ते आपल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी. संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची प्रथा, कलावंतांची श्रवणचाचणी, चित्रपटगीतांना घातलेला आवर या सर्वांमागे हा मराठी मंत्री होता. पेटीच्या बाबतीत मात्र त्यांनी साहेबाचाच हुकूम चालू ठेवला. ज्या प्रांतात पेटी घरोघर वाजत होती, त्याच प्रांताचा सुपुत्र तिला आकाशवाणीच्या दारात उभी करीना, यास काय म्हणावे! केसकरांची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी रागसंगीतासाठी जे केले त्याचे ऋण मोठे आहे. परंतु पेटीवाल्यांच्या दोन पिढ्यांना तीस वर्षे जो उपवास घडला, त्याचा हिशेब कोणी मांडलेला आमच्या पाहण्यात नाही. १९७१ साली ही बंदी सैल झाली.

पेटीवर असा पहारा बसला असताना एक दुसरे परके वाद्य मागील दाराने रागसंगीतात शिरत होते. त्याच्या वाटेकडे आता वळू.

गिटार आपल्या किनाऱ्यास नवी नाही. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात ती कधीचीच घरची झालेली. मांडो म्हणताना घुमटाबरोबर व्हायोलिन आणि गिटार हे गोव्यातले जुने दृश्य आहे. परंतु त्या गिटारीचा रागाशी संबंध आला नाही; तिचे काम तालाचा ठेका धरणे आणि स्वरांचे घोस देणे. रागापर्यंत पोचली ती वेगळी गिटार, आणि ती आली प्रशांत महासागराच्या मध्यावरून, हवाई बेटांतून.

त्या बेटांत मेक्सिकन गुराख्यांनी आणि पोर्तुगीज मजुरांनी एकोणिसाव्या शतकात गिटार नेली. तेथील जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने त्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तिच्या तारांवरून पोलादाचा तुकडा सरकविण्यास सुरुवात केली, असे बहुतेक जाणकार मानतात. (याहून आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, हिंदुस्थानात जन्मलेला एक मुलगा जहाजावरून तिकडे पोचला होता व तोही तारेवर असेच काही घासून वाजवी, असा एक दावा आहे. दावा मोहक आहे; पण खात्रीचा पुरावा नसल्यामुळे आम्ही त्यावर राष्ट्राभिमानाचा इमला चढवीत नाही.) १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोस भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात हवाईचे संगीत गाजले, आणि तेथून तबकड्या व फिरती पथके यांच्या मार्गे ते जगभर पसरले. पॉलिनेशियन वादक टाऊ मो आपल्या पथकासह हिंदुस्थानात आले आणि १९४०च्या दशकात काही वर्षे कलकत्त्यातच राहिले. बंगाली मनाला ते रडके, लांबत जाणारे सूर फारच भावले. रवींद्रसंगीत हवाईयन गिटारीवर वाजविणे हा तेथील मध्यमवर्गाचा आवडता छंद झाला. दिल्लीतही ज्यांचे आयुष्य सरकारी वसाहतींतून गेले, त्यांना याची आठवण असावी. आम्ही रामकृष्णपुरमच्या क्वार्टरात नव्याने राहावयास आलो तेव्हा वरच्या मजल्यावर एक बंगाली गृहस्थ राहात. रविवारी दुपारी, मासळीचे जेवण आटोपल्यावर, ते गिटार मांडीवर घेत आणि आमच्या सौभाग्यवतींची वामकुक्षी संपत असे. पुढे त्याच घरातील कोणी आजारी पडल्याने गिटार काही दिवस थांबली, तेव्हा तीच "आज वाजत नाही हो" म्हणून खिडकीशी जाऊन आली.

पण तारेवरून काही सरकवून सूर काढण्याची युक्ती आपणांस हवाईने शिकविली असे मात्र नाही. उत्तरेत विचित्रवीणा आहे. तीवरून काचेचा गोळा सरकतो. पतियाळ्याचे अब्दुल अझीझ खाँ यांनी ती नावारूपास आणली. दक्षिणेत गोट्टुवाद्यम् आहे, आणि त्याची कथा तर आपणा मराठी माणसांनी मुद्दाम सांगावी अशी. त्या वाद्याला मैफलीत मानाचे पान मिळवून दिले ते तिरुविडैमरुदूरच्या सखाराम राव यांनी. नावावरूनच ध्यानात येईल की हे गृहस्थ तंजावरकडील मराठी. कर्नाटक संगीतातील थोर गायक सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर हे त्यांच्यापाशी शिकले होते. मुलूख सोडून पिढ्यान्‌पिढ्या तमिळ देशात राहिलेल्या मराठी घराण्यातला माणूस तेथील संगीताचा गुरू होतो! आमच्या दिल्लीकर मुलांना शिवरायांच्या तंजावरच्या भावाची गोष्ट आपण सांगतो, तिच्याशेजारी ही एक सांगावयास हरकत नाही.

तर, जमीन नांगरलेली होती. बी बाहेरून आले. ते पेरले जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांनी.

काबरांचा जन्म १९३७चा. घराणे मारवाडी, सधन, आणि संगीताचे वेड असलेले. सरोदनवाझ अली अकबर खाँ हे त्या काळी जोधपूर दरबारी होते, आणि ब्रिजभूषणांचे बंधू दामोदरलाल त्यांच्यापाशी सरोद शिकत. धाकट्याचे मन मात्र हवाईयन गिटारीवर बसले. घरात जे नाराजीचे वातावरण झाले असेल त्याची कल्पना आपल्या बैठकीवरून आम्हांस करता येते. वडिलांनी अखेर एकच अट घातली असे सांगितले जाते : वाजवशील तर रागच वाजव, दुसरे काही नाही. ती अट म्हणजे जन्मठेपच होती. कारण त्या वाद्यावर राग वाजविणारा गुरू कोठे होता? सिनेमातील गाणी वाजविणारे वॅन शिप्ले होते, त्यांच्या विजेच्या गिटारीच्या तबकड्या खपत. पण आलाप, जोड, झाला आणि मग विलंबित गत हा पूर्ण मार्ग गिटारीवर चालून दाखविलेला वाटाड्या काबरांपुढे नव्हता. त्यांनी अली अकबर खाँ यांचेच शिष्यत्व पत्करले. सरोदावरचे धडे घ्यावयाचे आणि घरी येऊन ते गिटारीच्या भाषेत बसवावयाचे, अशी ती तपश्चर्या. त्यांनी वाद्यातही बदल केले. चिकारीच्या तारा चढविल्या, म्हणजे रागाचा आधारस्वर आणि लयीचे टोल हे दोन्ही उजव्या हाताखाली आले.

त्यांचे नाव घरोघर गेले ते १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीने. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत रागांतून उलगडत जातो, अशी कल्पना. या तबकडीच्या वेष्टनावर मराठी वाचकाने जरा थांबावे. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. आणि एच. एम. व्ही. कंपनीतर्फे ही तबकडी घडवून आणणारे अधिकारी म्हणजे जी. एन. जोशी, ज्यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता गाऊन मराठी भावगीताची पहाट केली, तेच. ज्या माणसाने मराठी कवितेला तबकडीवर नेले, त्यानेच गिटारीतल्या रागालाही नेले. हा योगायोग आम्हांस फार गोड वाटतो.

त्या तबकडीतील तीनही मुख्य वाद्ये रागदारीच्या मैफलीत तशी उपरीच होती, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना गाण्यातले; शिवकुमारांनी ते १९५५च्या सुमारास मुंबईच्या रंगमंचावर आणले तेव्हा "यात मींड कोठे आहे?" असाच सवाल झाला. बासरी श्रीकृष्णाची खरी, पण ख्यालाच्या अंगाने तीन-तीन सप्तकांत बोलणारी लांब बासरी घडविली पन्नालाल घोषांनी. हे पन्नालाल घोष आपल्या दिल्लीचेच म्हणावयाचे. आकाशवाणीचे वाद्यवृंद १९५२ साली येथे स्थापन झाले, आरंभी पंडित रविशंकरांनी ते सांभाळले, आणि १९५६ साली ती धुरा पन्नालालांकडे आली. १९६० साली दिल्लीतच त्यांचे देहावसान झाले. तेव्हा उपऱ्यांच्या या पंक्तीत गिटार तेवढी उपरी म्हणून उठविण्यास आधार नाही.

आता मुद्याची गोष्ट. पेटीला जे साधले नाही ते गिटारीला का साधावे? आम्ही हे एका टेपाने मोजून पाहिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

साध्या गिटारीच्या तारेची, घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंतची, लांबी साधारण ६५ सेंटिमीटर असते. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्या गुंजनातून जो गंधार आपोआप उमटतो, तो वाजावयाचा तर तारेचे चार-पंचमांश, म्हणजे ५२ सेंटिमीटर एवढेच अंग कंप पावावयास हवे. बोट वरच्या पट्टीपासून बरोबर १३ सेंटिमीटरवर यावयास हवे. परंतु कारखान्यात गिटारीवर जे पडदे बसवितात ते सप्तकाचे बारा सारखे भाग करून, पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे. त्या हिशेबाने गंधाराचा पडदा येतो सुमारे १३.४ सेंटिमीटरवर. चार मिलिमीटरांचा फरक! डोळ्यांना तो दिसणारही नाही. पण तंबोरा चालू असताना तो गंधार कानाला चढा लागतो, आणि ज्याने किराण्याच्या गायकाचा गंधार ऐकला आहे त्याला तो सोसवत नाही. देवलसाहेबांचे सारे आयुष्य या चार मिलिमीटरांत गेले असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हवाईयन पद्धतीत तारा वर उचललेल्या असतात. पडदे खाली नुसते चित्रासारखे राहतात, त्यांना तार टेकतच नाही. डाव्या हातातील पोलादी कांडी तारेवर जेथे ठेवाल तेथे स्वर. चार मिलिमीटर मागे घ्या, आणि तंबोऱ्याचा गंधार मिळाला. कांडी न उचलता षड्जापासून पंचमापर्यंत न्या, सबंध वाट ऐकू येते. सतारीवर तार आडवी ओढून मींड काढतात; ती फार तर चार-पाच स्वरांपर्यंत ताणता येते, मग तार किंवा बोट यांपैकी एक शरण येते. गिटारीवर असा अडसर नाही. दीड-दोन सप्तकांची मींड एका श्वासात निघते. दरबारीचा आंदोलित गंधार, मल्हाराचे ते घरंगळणारे निषाद, हे या वाद्याच्या अगदी अंगचे. पेटीला बावीस पट्ट्या लावूनही जे मिळाले नाही, ते एका पोलादाच्या तुकड्याने दिले. व्हायोलिन आपल्याकडे का रुजले याचेही उत्तर हेच. त्याला पडदेच नाहीत. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, दि. के. दातार यांना कोणी परक्या वाद्याचे वादक म्हटल्याचे आमच्या कानावर नाही.

अर्थात गिटारीची ही मोकळीक फुकट मिळत नाही. पडदा नसल्यामुळे चूक झाकावयास जागा राहात नाही. कांडी केसभर सरकली की बेसूर. द्रुत तानेत स्वर एकमेकांत मिसळून खळ होण्याचा धोका सदैव असतो. सतारवादक डाव्या हाताच्या बोटांनी तार खुडून जे नाजूक काम करतो, ते धातूच्या कांडीला तसेच्या तसे जमत नाही. काही वेळा तर हे वाद्य अतिच गोड वाटते. सतत सरकणारा सूर ऐकून श्रीखंडाची वाटी दुसऱ्यांदा पुढे यावी तसे होते. हे आमचे वैयक्तिक मत. रसिकांनी राग मानू नये.

काबरांनंतर ही वाट हमरस्ता झाली. जयपूरचे विश्वमोहन भट्ट हे रविशंकरांचे शिष्य. त्यांनी गिटारीला तरफांच्या बारा तारा जोडल्या, एकूण तारांची संख्या विसाच्या घरात नेली आणि तिचे नाव ठेवले 'मोहनवीणा'. १९९२ साली अमेरिकेत राय कूडर या गिटारवादकाबरोबर, भेट झाल्यावर तासाभराच्या आत, त्यांनी जे वाजविले त्याचीच 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ही ध्वनिमुद्रिका झाली आणि १९९४ साली तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्यांना आम्ही दिल्लीच्या थंडीत, शाल गुंडाळून, मैदानावर बसून ऐकले आहे. तरफांच्या तारा गुंजू लागल्या की मिरजेचा माणूस डोळे मिटतो. त्यास इलाज नाही. कलकत्त्याचे देबाशीष भट्टाचार्य हे काबरांच्या तालमीतले. त्यांनी चोवीस तारांची 'चतुरंगी' घडविली. बनारसच्या कमला शंकर यांनी गायकी अंगाने हे वाद्य पुढे नेले. मांडीवर न ठेवता, उभ्या गिटारीवर, पडद्यांसकट राग वाजविण्याचे प्रयत्नही झाले. १९७०च्या दशकात जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी 'शक्ती' या संचात झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्या साथीने वाजविताना पडद्यांमधील लाकूड कोरून घेतले होते, म्हणजे तार खोल दाबून स्वर वर चढविता येई. चेन्नईकडील प्रसन्ना यांनी तर त्यागराजांच्या कृतीच गिटारीवर बसविल्या. काबरा १२ एप्रिल २०१८ रोजी गेले. ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवशी आम्ही घरातील जुनी ध्वनिफीत शोधून काढली. ती लावावयास यंत्र मात्र कोणाकडेच उरले नव्हते.

'मोहनवीणा' या नावाविषयी एक अडखळ मनात राहते. याच नावाचे एक वाद्य त्यापूर्वी बंगालचे सरोदवादक राधिकामोहन मैत्र यांनीही घडविले होते, हा वाद जाणकारांचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. आमची शंका साधी आहे. गिटारीला वीणा म्हटल्याशिवाय तिला आपण आत घेत नाही काय? काबरा जन्मभर तिला गिटारच म्हणत राहिले. पेटीला आपण पेटी म्हणालो, वीणा नव्हे. दोन्ही रीती आपल्याच. मुलगी सासरी आल्यावर नाव बदलणारी घरे होती, तशी न बदलणारीही होती.

असो. ही सारी माहिती जमल्यावर आम्ही जे केले ते सवयीने केले. तीन पानांची टिपणी तयार करून पुढील बैठकीत सादर केली. हार्मोनियमवरील बंदीचा मजकूर वाचून दाखविताच ते ज्येष्ठ सभासद हसले. ते स्वतः पेटी उत्तम वाजवितात, आणि त्यांच्या वडिलांना नभोवाणीच्या चाचणीतून पेटीसकट परत यावे लागले होते, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले. "द्या त्या मुलाला वेळ," ते म्हणाले, "पण दहा मिनिटे." पाच मिनिटे कापल्यावाचून मंजुरी देणे हा आम्हा दिल्लीकरांचा धर्मच आहे.

त्या संध्याकाळचे वर्णन रंगवून सांगण्यासारखे नाही. मुलाची गिटार दर्यागंजातून घेतलेली साधीच. वरच्या पट्टीवर धातूची कड बसवून तारा उचललेल्या. सूर जुळविण्यात चार मिनिटे गेली. ध्वनिवर्धकाने दोनदा शीळ घातली. तबल्यास शेजारच्या गल्लीतील एक शीख तरुण होता. मागील रांगांत खिरापतीची चौकशी चालू होती. मग आलाप सुरू झाला; मुलाने कोमल निषादावरून कांडी धैवतावर आणली, तेथे न थांबता पंचमावर उतरविली आणि रिषभावर आणून सोडली. पुढच्या दोन-तीन रांगा वळल्या. द्रुत गतीत त्याची तान विस्कटली, ते त्यालाही समजले, कान लाल झाले. दहाची चौदा मिनिटे झाली. घंटा वाजविण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते ज्येष्ठ सभासद घंटा हातात धरून बसून राहिले. नंतर त्यांनी त्या मुलाकडून कांडी मागून घेतली, तळहातावर तिचे वजन पाहिले, आणि आपल्या पेटीच्या गंधाराच्या पट्टीवर बोट ठेवून त्याला म्हणाले, "हा बघ, हा इथून हलत नाही. साठ वर्षे झाली."

पुढील वर्षी कार्यक्रमपत्रिका छापण्याचे काम आमच्याकडे आले. मुलगा आता बारावी होऊन महाविद्यालयात गेला होता; त्याने पुन्हा नाव दिले होते, या खेपेस बागेश्री. पत्रिका जरा भारदस्त दिसावी म्हणून आम्ही त्याला दूरध्वनी केला आणि विचारले, वाद्याच्या रकान्यात मोहनवीणा लिहू का?

"नको काका," तो म्हणाला, "गिटारच लिहा."